तत्ता हरला, म्हणून तो आपला नाही का?



गेल्या वर्षावासातली गोष्ट. मोरव्यात माझ्या भाड्याच्या खोलीपुढे एक ओटा आहे. दर रविवारी संध्याकाळी त्या ओट्यावर आमचा अभ्यासवर्ग भरतो. मुर्धा, राई, भाईंदर स्टेशनकडची दहा-बारा मुलंमुली येतात. कुणी अकरावीत, कुणी आयटीआयला, कुणी दिवसभर पार्सलं पोचवून थेट वर्गाला. आषाढ पौर्णिमेपासून आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला घेतो आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत जमेल तितकं पुढे नेतो. वाचून झालं की चहा, आणि चहाबरोबर गप्पा.

या मुलांच्या गप्पा कशाच्या असतात हे तुम्हाला माहीत आहेच. नारुतो, लुफी, एरेन. मोबाईलवर हिंदीत डब केलेले अ‍ॅनिमे बघत ही पिढी मोठी झाली आहे. त्यांच्या भाषेत मलाही थोडं बोलता यावं म्हणून मी ओसामू तेझुकांच्या 'बुद्ध' या मांगाचे इंग्रजी खंड आणून ओट्यावर ठेवले. दोन वर्षं जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून एकेक करून जमवलेले. जपानी चित्रकथेत आपला बुद्ध आहे म्हटल्यावर मुलं तुटून पडली. महिन्याभरात आठही खंड फिरून आले.

मग एका रविवारी त्यांनी यादी केली. हल्ली प्रत्येक मालिकेतल्या पात्रांची अशी यादी होते. वर 'एस', खाली 'ए', 'बी', 'सी', आणि तळाला 'डी'. वहीच्या पानावर रकाने आखले गेले. बुद्ध अर्थातच सगळ्यांत वर. खालोखाल चाप्रा. मग आनंद, देवदत्त, अंगुलीमाल. आणि अगदी तळाला, एकट्याचं नाव: तत्ता.

"ताई, हा टाइमपास आहे," एकजण म्हणाला. "लहान असताना कॉमेडी करतो, मोठा झाल्यावर बुद्धाचं ऐकत नाही, आणि शेवटी फुकट मरतो."

सगळे हसले. मीही हसले. रात्री खोलीत एकटी असताना मात्र ते हसू माझ्या घशात अडकलं. का अडकलं ते या लेखात सांगायचं आहे. एका चित्रातल्या पोरासाठी एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण कोणत्या पात्रावर आपण हसतो आणि कोणाला डोक्यावर घेतो, यावरून आपल्या चळवळीचं मन कळतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी.

ओसामू तेझुका (१९२८-१९८९) हे जपानी मांगाचे पितामह मानले जातात. शिक्षणाने डॉक्टर. कोवळ्या वयात त्यांनी ओसाकावरचे बॉम्बहल्ले पाहिले होते. 'बुद्ध' ही त्यांची चित्रकथा १९७२ ते १९८३ अशी तब्बल अकरा वर्षं क्रमशः प्रसिद्ध झाली. १९७२ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण मला हा योगायोग आवडतो. इकडे आपली पोरं रस्त्यावर उतरत होती, आणि तिकडे जपानमध्ये एक माणूस बुद्धाची गोष्ट सांगायला बसला होता. ती त्याने राजवाड्यापासून सुरू केली नाही. पहिल्या खंडात सिद्धार्थ नुकता जन्माला येतो आहे. गोष्ट चालते ती दोन पोरांवर. एक चाप्रा, शूद्र गुलाम. दुसरा तत्ता, त्या चौकटीच्याही बाहेरचा, 'परिया'.

'परिया' हा शब्द इंग्रजीत तमिळ मुलखातून गेला. तिथल्या एका जातीचं नाव युरोपच्या भाषांत 'बहिष्कृत' या अर्थाने रुळलं. मॅक्स वेबरने तो समाजशास्त्राची संज्ञा म्हणून वापरला. एम.ए.ला असताना ती संज्ञा मी परीक्षेत पान-पानभर लिहिली आहे. तेव्हा तिच्यामागे एक उघडाबंब, दात विचकून हसणारा पोरगा उभा राहू शकतो, हे सुचलं नव्हतं.

तर हा तत्ता. चोऱ्या करून पोट भरणारा. त्याच्यात एक विलक्षण शक्ती आहे. तो कोणत्याही प्राण्याच्या शरीरात शिरू शकतो. त्याची आई आणि बहीण कोसलच्या सैन्याच्या हल्ल्यात मारल्या जातात. तेव्हापासून सूड हा त्याचा श्वास होतो. पुढे तो दरोडेखोर बनतो, राजवाड्यातल्या सिद्धार्थाला बाहेरचं जग दाखवतो, मिगैला नावाच्या शूद्र स्त्रीबरोबर संसार करतो. बुद्धावर त्याचा जीव असतो. आयुष्यभर तो त्याच्या आसपास राहतो. पण सूड काही सुटत नाही. शेवटच्या खंडात बुद्धाचा शब्द मोडून तो कोसलवर चालून जातो आणि मारला जातो.

आता मुलांचे आक्षेप. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप: तत्ता खोटा आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे, वाचनात सगळ्यांच्या पुढे. तो म्हणाला, "तत्ता त्रिपिटकात नाही. आणि बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या आसपास सांगितला आहे. मग बुद्धाच्या काळात अस्पृश्य आला कुठून?"

मला अभिमान वाटला. १९४८ चा 'द अनटचेबल्स' वाचून आलेला मुलगा आपल्या ओट्यावर आहे, याहून काय हवं? त्याचं म्हणणं बरोबर आहे. तत्ता तेझुकांनी मनाने रचला. त्या काळाच्या समाजरचनेचं त्यांचं चित्रणही इतिहास म्हणून घेण्याजोगं नाही. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचंही तेच. तेझुका चार दृश्यांच्या परंपरागत वाटेने जातात. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून घर सोडल्याची ही कथा बाबासाहेबांनी विवेकाच्या कसोटीवर नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेलं भांडण आणि युद्धाला सिद्धार्थाचा विरोध हे कारण त्यांनी मांडलं. तेव्हा मांगा वाचून कुणी बुद्धचरित्र शिकू नये. ते शिकायला आपल्याकडे बाबासाहेबांचा ग्रंथ आहे.

पण मग त्याच ग्रंथाचं एक प्रकरण पुन्हा उघडा. उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला, सोपाक आणि सुप्पिय हे अस्पृश्य, सुप्रबुद्ध महारोगी. यांच्या धम्मदीक्षेच्या कथा बाबासाहेबांनी एकामागोमाग एक मांडल्या आहेत. अस्पृश्यतेचा कालखंड इतक्या काटेकोरपणे ठरवणाऱ्या त्याच माणसाने सोपाकला 'अस्पृश्य' म्हटलं. मला यात विसंगती दिसत नाही. इतिहास लिहिताना काळ तपासायचा असतो. धम्म सांगताना समोर कोण बसलं आहे ते पाहायचं असतं. बाबासाहेबांच्या समोर आपण बसलो होतो.

तेझुकांच्या समोर कोण होतं ते मला ठाऊक नाही. पण जपानमध्येही बुराकुमिन आहेत. कातडी कमावणं, जनावरं कापणं अशा कामांमुळे पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध ठरवलेला समाज. १८७१ साली कायद्याने त्यांचा वेगळा दर्जा संपला, समाजाच्या मनातून संपला नाही. १९२२ साली, आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी, त्यांनी क्योटोत 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभी केली. अशा देशातल्या वाचकाला तत्ता परका वाटला नसणार, इतकं मी म्हणू शकते. पात्र रचलेलं असेल, पण त्याला बसलेला मार रचलेला नाही.

दुसरा आक्षेप: खरा हिरो चाप्रा आहे.

चाप्रा मुलांना का आवडतो ते समजतं. देखणा, शूर, जिद्दी. सेनापती बुडाईचा जीव वाचवून तो त्याचा दत्तक मुलगा होतो. गुलामाचा योद्धा होतो. फक्त जात लपवावी लागते. आणि जेव्हा आई समोर येते, तेव्हा तो आईला नाकारत नाही. दोघंही मारले जातात. तो भाग वाचताना मी रडले आहे. चाप्राचं मोठेपण मी कणभरही कमी करणार नाही.

पण मित्रांनो, चाप्रा आपल्याला इतका जवळचा का वाटतो? कारण आपण सगळे थोडेथोडे चाप्रा आहोत. खोली भाड्याने घेताना "आडनाव काय?" या प्रश्नाला किती वेळा आपण अर्धंच उत्तर दिलं आहे? ऑफिसात डबा खाताना १४ एप्रिलच्या सुट्टीवर विनोद झाला तेव्हा किती जण मान खाली घालून जेवत राहिले? एर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली कलंकावर पुस्तक लिहिलं. ज्याचा कलंक वरून दिसत नाही, त्याला दुसऱ्याच कुणासारखं वावरण्याची सोय असते, आणि ओळख उघडी पडेल ही भीती कायमची मानेवर असते, हे त्याने मांडलं. आपल्याला ते गॉफमनकडून शिकायची गरज नव्हती. परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नावाने पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. ते उघड झालं आणि काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. एवढ्या मोठ्या विद्वानाची ही कथा.

चाप्राला वर चढायचं होतं आणि त्यासाठी लपावं लागलं. तत्ता कधी लपलाच नाही. त्याला सेनापतीचं घर नको होतं, दत्तक बाप नको होता, राजाची मेहेरबानी नको होती. ज्या व्यवस्थेने आईला मारलं तिच्या शिडीवर पाय ठेवायचाच नाही, हे त्याने लहानपणीच ठरवलं होतं. चाप्रावर प्रेम करणं सोपं आहे, कारण त्याचं दुःख देखणं आहे. तत्ताचं दुःख मळकट आहे. तो चोरतो, शिव्या देतो, कसंही हसतो. सभ्य समाजासमोर नेऊन उभा करावा असं त्याच्यात काही नाही. म्हणून तो 'डी'मध्ये. आपण ब्राह्मणी नजरेला शिव्या घालतो, आणि यादी करताना तीच नजर लावून बसतो. यावर विचार करा.

त्याच्या शक्तीकडेही नीट पाहा. मुलांना ती कॉमेडी वाटली. ज्याला माणसांनी माणूस मानलं नाही, त्याला बैलाच्या, घोड्याच्या, पाखराच्या आत शिरता येतं. वर्णाच्या शिडीवर माणसांच्या खाली जनावरं आणि त्यांच्याही खाली परिया. तत्ताने ती शिडी मोडली ती अशी. दुसऱ्याच्या कातडीत शिरून जग पाहणं यालाच आपण करुणा म्हणत नाही का? ती त्याला कुणा गुरूने शिकवली नव्हती.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर: तत्ता हिंसक आहे आणि हरतो. तो धम्मात बसत नाही.

हे एका मुलीने मांडलं, फार शांतपणे. मागच्या वर्षी आम्ही नालासोपाऱ्याचा स्तूप पाहायला गेलो होतो. आमच्याकडून खाडी ओलांडली की वसई, आणि पुढे सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणवला जाणारा तो ढिगारा खणला आणि आत स्तूप निघाला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही सोपाऱ्यालाच सापडले. त्याच सोपाऱ्याचा पुन्न. त्याच्या प्रदेशातले लोक फार कठोर होते. त्यांनी शिव्या दिल्या तर, दगड मारले तर, जीवच घेतला तर तू काय करशील, असं तथागतांनी विचारल्यावर प्रत्येक वेळी ज्याने न रागावता उत्तर दिलं, तो पुन्न. "ताई, आपल्याच भागातला माणूस आहे," ती म्हणाली. "त्याला सोडून तत्ताला का डोक्यावर घ्यायचं?"

पुन्न मोठाच. पण माझं तिला एक सांगणं होतं. पुन्न व्यापारी होता. दगड पडले असते ते त्याच्या अंगावर पडले असते, आणि ते सोसायचं त्याने स्वतः निवडलं होतं. तत्ताच्या आईवर तलवार पडली तेव्हा त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. स्वतःवरचा अन्याय क्षमा करणं हे शील आहे. आईवरचा अन्याय तिच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क पोराला आहे का? मला माहीत नाही. पण हा प्रश्न सोपा आहे असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि बौद्ध परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. विडूडभाची कथा आठवा. कोसलच्या प्रसेनजिताला शाक्यांकडून मुलगी हवी होती. शाक्यांनी कुळाच्या गर्वापायी दासीच्या पोटची मुलगी राजकन्या म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ. तो आजोळी कपिलवस्तूला आला, आणि तो निघून गेल्यावर तो बसला होता ते आसन दुधाने धुऊन काढलं गेलं. त्याला ते कळलं आणि त्याने सूड घ्यायची शपथ घेतली. तथागतांनी तीनदा वाटेत बसून त्याची सेना परत फिरवली. चौथ्यांदा ते गेले नाहीत, आणि शाक्यांचा संहार झाला. अट्ठकथेतली ही गोष्ट. धुतलेलं आसन आपल्याला नवीन आहे का? अपमानातून उठलेला सूड किती दूर जातो, आणि खुद्द बुद्धाच्या शब्दालाही कुठे मर्यादा येते, हे जुन्या आचार्यांनी लपवलं नाही. तेझुकांनी तत्ताच्या रूपाने तेच सांगितलं, फक्त या वेळी तळातल्या माणसाच्या बाजूने.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की ताई हिंसेचं समर्थन करतात. तत्ता शेवटी चुकला असंच माझं मत आहे. बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. त्या कसोटीवर तत्ताचा शेवटचा हल्ला टिकत नाही. त्याच्या मागे गेलेले लोकही त्यात भरडले गेले. पण चुकलेल्या माणसाची बाजू घेणं आणि चुकीची बाजू घेणं यांत फरक आहे. आपल्या चळवळीला हा फरक कळत नाही, आणि म्हणूनच हा लेख.

गंमत बघा. हीच मुलं एरेनचे फॅन आहेत. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये एरेनच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला टायटन खातो, आणि तो सूडाने जग तुडवायला निघतो. तो 'एस'मध्ये. त्याच्या नावाचे टी-शर्ट. आईसाठी पेटलेला तत्ता मात्र टाइमपास! एरेन जग तुडवतो म्हणून चालतो आणि तत्ता हरतो म्हणून चालत नाही, एवढाच फरक मला दिसतो. म्हणजे आक्षेप हिंसेला नव्हताच. आक्षेप हरण्याला होता.

आता ते घशात अडकलेलं हसू.

माझा एक मामेभाऊ आहे, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. अभ्यासात बरा, कबड्डीत फार चांगला. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जे घडलं ते तुम्हाला सांगायला नको. ३ तारखेला महाराष्ट्र बंद. तो सकाळी निळा झेंडा घेऊन घरातून निघाला. दुपारी कुठेतरी दगड भिरकावले गेले. त्यातला एक त्याचा होता. हे त्याने मला स्वतः सांगितलं आहे, म्हणून लपवत नाही. गुन्हा दाखल झाला. मग तारखा. भरतीची तयारी करत होता, चारित्र्य पडताळणीत नाव आलं आणि ते दार बंद झालं. आता टेम्पो चालवतो.

त्या आठवड्यात आमच्या भागातल्या कार्यकर्त्यांची बैठक झाली. वर्तमानपत्रांना पत्रक द्यायचं ठरलं. मी एम.ए. झालेली, माझी भाषा चांगली, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं की आमचा बंद शांततेचा होता आणि दगडफेक करणाऱ्यांशी आमचा काहीही संबंध नाही. सगळ्यांना वाक्य आवडलं. मलाही आवडलं. भाऊ तेव्हा कोठडीत होता.

त्याने ते पत्रक नंतर वाचलं. मला काही बोलला नाही. फक्त १४ एप्रिलला मिरवणुकीत आला नाही. नंतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीलाही आला नाही. मामी म्हणाली, "तो म्हणतो, त्यांचा माझ्याशी संबंध नाही, मग मी कशाला जाऊ?"

पहिल्या खंडात नारदत्त नावाचा एक साधू आहे. असित ऋषींचा शिष्य, विद्वान, हेतू शुद्ध. चाप्राचा जीव वाचवण्यासाठी तो तत्ताची शक्ती वापरून घेतो, आणि त्या धावपळीत कितीतरी जनावरं मरतात. असित त्याला क्षमा करत नाहीत. एक जीव वाचवायला इतके जीव वापरलेस, म्हणून वर्षानुवर्षं जनावरासारखं चार पायांवर जगण्याची शिक्षा देतात. तेझुकांच्या त्या गोष्टीत शिक्षा पोराला होत नाही, त्याची ताकद वापरणाऱ्या शहाण्याला होते. त्या रात्री हा भाग मी पुन्हा उघडला. तत्ता कोण ते मला आधीच कळलं होतं. नारदत्त कोण तेही कळलं.

आपल्या चळवळीत हे नेहमी होतं. मोर्चाला गर्दी लागते तेव्हा ही पोरं लागतात. झेंडे लावायला, मंडप घालायला, रात्रभर जागायला, समोरून हल्ला झाला तर पुढे उभं राहायला. मग गुन्हे दाखल होतात आणि आपण मसुदे लिहितो. जानेवारी १९७४ मध्ये पँथरचे भागवत जाधव मारले गेले. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसं गेली. त्यांना आपण शहीद म्हणतो, आणि म्हणायलाच हवं. पण जे मेले नाहीत, फक्त मोडले, ज्यांच्या नावापुढे शहीद लागत नाही आणि ज्यांचं नाव भरतीच्या यादीतही लागत नाही, त्यांना आपण काय म्हणतो? 'डी'.

पुढच्या रविवारी मी हे सगळं मुलांसमोर मांडलं, पत्रकासकट. ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच पुन्नची आठवण करून देणारी मुलगी म्हणाली, "ताई, तुमचं पटलं. पण तुम्ही दोन रविवार तत्तावर बोलताय. मिगैलाचं काय?"

मिगैला. शूद्र. सिद्धार्थाचा तिच्यावर जीव जडला म्हणून राजाच्या हुकुमाने जिचे डोळे जाळले गेले, ती. पुढचं सगळं आयुष्य ती आंधळी जगते. आणि तत्ता सूडाला निघतो तेव्हा मागे राहणारी तीच. मुलांच्या यादीत तिचं नाव तळालाही नव्हतं. माझ्याही वहीत नव्हतं. तत्ताची वकिली करताना मी स्वतः तेच केलं होतं, ज्याबद्दल मुलांना बोलत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, "पुढच्या रविवारी तू बोल मिगैलावर." ती बोलली. माझ्याहून चांगलं बोलली. तो तिचा लेख आहे, तिनेच लिहावा.

मग तत्ताकडून घ्यायचं काय? माझ्यापुरतं मी तीन गोष्टी घेतल्या.

एक, सूड हा धम्म नाही, पण सूडाने पेटलेला माणूस धम्माबाहेरचा नाही. तेझुकांच्या बुद्धाने तत्ताला अडवलं, समजावलं, पण कधी असं म्हटलं नाही की याचा माझा संबंध नाही. तत्ता गेल्यावर बुद्ध खचतो, आपली शिकवण कमी पडली का असं स्वतःला विचारतो. एक परिया पोरगा आपलं न ऐकता मेला, तर दोष आधी स्वतःत शोधणारा बुद्ध. आपले किती नेते, किती कार्यकर्ते असा प्रश्न स्वतःला विचारतात?

दोन, अंगुलीमालाची कथा आपण आनंदाने सांगतो, कारण तो बदलला. बदललेल्याला जवळ करणं सोपं आहे. जो अजून बदललेला नाही, अर्ध्या वाटेवर आहे, ज्याचा राग खरा आहे आणि रस्ता चुकीचा, त्याच्याजवळ बसणं हे खरं काम. समाजकार्याच्या क्षेत्रात इतकी वर्षं काढून मला हे एका चित्रकथेने शिकवावं, याची थोडी लाज वाटते. पण शिकले.

तीन, आपल्या पोरांवर गुन्हे असतील तर वकील बघा, तारखेला बरोबर जा, घरी जाऊन आईबापाला भेटा. पत्रक नंतर लिहा.

कार्तिक महिन्यात मी मामाकडे गेले. भाऊ टेम्पो धूत होता. पहिला खंड पिशवीतून काढून त्याला दिला आणि म्हटलं, "ते पत्रक मी लिहिलं होतं. ते वाक्य माझं होतं. चुकलं माझं." तो फडक्याने हात पुसत राहिला. मग पुस्तक चाळलं, तत्ताच्या चित्रावर थांबला आणि म्हणाला, "हा कोण ताई? वेडा दिसतोय." मी म्हटलं, "वाच, मग सांग."

अजून त्याने काही सांगितलेलं नाही. आठ खंड आहेत, वेळ लागणार. पण परवा मामीचा फोन आला. दुसरा खंड मागितला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!